वावरात चालणारा पाय

मृगाचा पाऊस बरसला की वाशीम जिल्ह्यातल्या मालेगाव तालुक्याच्या काळ्या जमिनीचे रूप पालटते. बेसाल्ट खडक युगानुयुगे झिजून तयार झालेली ही माती पाणी पिऊन फुगते, मऊ होते आणि जे तिच्यावर टेकेल त्याला धरून ठेवते. पांदणीतून चार पावले टाकली की चपलेखाली चपलेएवढाच चिखल चिकटतो, म्हणून धडधाकट माणसेही चपला हातात घेऊन अनवाणी चालतात. उन्हाळ्यात हीच जमीन आक्रसते आणि तिला हाताचा पंजा जाईल अशा भेगा पडतात. कुबडी, कॅलिपर, कृत्रिम पाय, व्हीलचेअर ही सगळी साधने मात्र बहुधा दवाखान्याच्या गुळगुळीत फरशीवर तपासली जातात. दोन समांतर दांड्यांना धरून माणूस पाच-सहा मीटर चालला, साधन बसले असे ठरले, नोंद झाली, फोटो निघाला. त्यानंतर तो माणूस ज्या जमिनीवर आयुष्य काढणार आहे तिच्यावर ते साधन चालते का, हे पाहायला सहसा कोणी जात नाही. या प्रकरणात जे मांडायचे आहे ते इथूनच निघते. सहायक साधनाची रचना करताना कोणता अवयव गेला याच्या आधी त्या माणसाचा दिवस कसा जातो, कोणत्या जमिनीवर जातो आणि साधन मोडले तर ते किती अंतरावर दुरुस्त होईल, हे विचारले पाहिजे. तिन्हींची उत्तरे रचनेत उतरली नाहीत, तर महागातले महाग साधनही घराच्या कोपऱ्यात उभे राहते.

मालेगाव हे काही आडवळणाचे गाव नाही. अकोल्याहून वाशीमकडे जाणारा रस्ता आणि नागपूर–संभाजीनगर हा जुना महामार्ग इथे भेटतात, आणि आता समृद्धी महामार्गही तालुक्यातून गेला आहे. तरीही कृत्रिम पायाचे माप द्यायचे, पंधरवड्याने बसवून पाहायला जायचे, घासते म्हणून पुन्हा जायचे, असा हिशेब मांडला की रस्त्यांच्या या नकाशाचा फारसा उपयोग होत नाही. अकोला इथून साठेक किलोमीटर आहे. पुण्याचे कृत्रिम अवयव केंद्र, जे दुसऱ्या महायुद्धात जायबंदी झालेल्या सैनिकांसाठी १९४४ साली उभे राहिले, ते चारशे किलोमीटरांहून दूर आहे. १९५५ साली सुरू झालेली मुंबईच्या हाजी अलीची पुनर्वसन संस्था त्याहूनही लांब. या संस्थांचे काम मोठे आहे, पण त्या जिथे आहेत तिथे बहुतेक गरजू राहत नाहीत. २०११च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख अपंग व्यक्तींची नोंद झाली. त्यांतल्या ६९ टक्के खेड्यांत राहत होत्या, आणि साधारण पाचातल्या एकीला चालण्या-फिरण्याची अडचण होती. महाराष्ट्राचा आकडा होता २९ लाख ६३ हजार. वाशीम जिल्ह्याची तेव्हाची लोकसंख्या सुमारे १२ लाख, आणि तिच्यातले ८२ टक्के लोक खेड्यांतले. म्हणजे चालायला साधन लागणारा आपल्याकडचा प्रातिनिधिक माणूस खेड्यात राहतो. मग साधनाचा आराखडा काढताना त्याच खेड्याला अपवाद समजण्याचे कारण काय?

सगळ्यात साध्या साधनापासून, कुबडीपासून सुरुवात करू. तिच्या टोकाला रबरी बूट असतो. त्याचा व्यास ४ सेंटिमीटर धरला, तर जमिनीला टेकणारे क्षेत्रफळ साडेबारा चौरस सेंटिमीटर भरते. दोन्ही कुबड्या पुढे टेकून माणूस अंग झुलवतो तेव्हा काही क्षण त्याचे सगळे वजन या दोन टोकांवर येते. माणूस ६० किलोचा असेल, तर दर चौरस सेंटिमीटरवर २.४ किलो भार पडतो. माणसाच्या तळपायाचा जमिनीला टेकणारा भाग दीडशे चौरस सेंटिमीटरच्या आसपास असतो, म्हणजे तेच वजन एका पायावर तोलले तर भार ०.४ किलो होतो. कुबडी पायाच्या सहापट जोराने जमिनीत रुतते, आणि फरशीवर कधीही न जाणवणारा हा फरक पेरणीनंतरच्या वावरात माणसाला जागीच अडकवतो. आता त्याच टोकाला १० सेंटिमीटर व्यासाची गोल चकती लावली, तर एका चकतीचे क्षेत्रफळ साडेअठ्ठ्याहत्तर, दोन्हींचे १५७ चौरस सेंटिमीटर, म्हणजे जवळपास तळपायाएवढेच. रुतण्याचा प्रश्न बराचसा सुटला. पण लगेच दुसरा उभा राहतो, कारण रुंद चकती ओल्या चिकणमातीवरून उचलताना खाली हवा शिरत नाही आणि ती चिकटून बसते. म्हणून तिला भोके हवीत, कडा लवचिक हवी, म्हणजे उचलताना ती एका बाजूने सुटत येईल. शिवाय घरातल्या फरशीवर आणि डांबरी रस्त्यावर हीच चकती अडखळवणार, म्हणून ती हाताने काढता-घालता आली पाहिजे. जुन्या टायरमधून अशी चकती कापणे हे पंक्चरच्या कोणत्याही दुकानात होण्यासारखे काम आहे. हिशेब शाळेतल्या गणिताचा आहे आणि वस्तू काही रुपयांची, पण जमीन डोळ्यांपुढे असल्याशिवाय हा हिशेब मांडावा असे सुचतच नाही.

जमीन आणि दिवस डोळ्यांपुढे ठेवून रचना केली की काय होते, याचे भारतातले सर्वांत मोठे उदाहरण म्हणजे जयपूर फूट. १९६८च्या सुमारास जयपूरच्या सवाई मानसिंग वैद्यकीय महाविद्यालयातले अस्थिशल्यचिकित्सक डॉ. प्रमोद करण सेठी आणि कारागीर रामचंद्र शर्मा यांनी तो घडवला. त्याआधी आपल्याकडे बसवला जाणारा पाय पाश्चात्त्य पद्धतीचा होता. घोटा घट्ट, टाच मऊ, आत लाकडी कणा, आणि वरून बूट घालायचाच, असे गृहीत धरलेला. खुर्चीवर बसणाऱ्या, बूट घालणाऱ्या आणि सपाट रस्त्यावर चालणाऱ्या माणसासाठी तो चांगलाच होता. आपल्या शेतकऱ्याला उकिडवे बसावे लागते, मांडी घालून जेवावे लागते, अनवाणी चालावे लागते, पाण्यात उतरावे लागते. बूट चिखलात निकामी होई, घोटा वाकत नसल्याने खाली बसता येत नसे, आणि लोक तो पाय काढून ठेवून पुन्हा कुबड्या घेत. सेठी आणि शर्मा यांनी कणा छोटा केला, टाचेत आणि पुढच्या भागात स्पंजासारखे रबर वापरले आणि सगळ्यावर टायरच्या रबराचे कातडीच्या रंगाचे आवरण साच्यात भाजून चढवले. टायर रिट्रेडिंगच्या दुकानात होणारेच हे काम होते. घोट्यापाशी तो सगळ्या दिशांना थोडा थोडा वाकतो, म्हणून उंचसखल जमिनीवर टेकतो. त्याला बूट लागत नाही आणि पाणी लागून तो खराब होत नाही. सेठींना १९८१ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला, आणि त्याच वर्षी अपघातात पाय गमावलेल्या मुंबईच्या सुधा चंद्रन पुढे हाच पाय लावून भरतनाट्यम नाचल्या. नृत्याची ती गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे. मला मात्र अधिक मोलाचे वाटते ते हे, की या पायाने माणूस निंदणाच्या ओळीत पुन्हा बसू शकतो. वऱ्हाडात निंदण बहुतांशी बायका करतात, आणि ते काम तासन् तास उकिडवे बसून, सरकत सरकत करायचे असते. ज्या पायाला बसता येत नाही तो पाय त्या बाईची मजुरी परत आणत नाही, मग तो चालण्याच्या परीक्षेत कितीही उत्तीर्ण झालेला असो.

इथे एक आक्षेप निघतो, आणि तो तगडा आहे. स्थानिक जीवनाला अनुरूप, स्वस्त, कारागिरांनी घडवलेले साधन अशी प्रशंसा करता करता आपण कमी दर्जाच्या साधनाचे समर्थन तर करत नाही ना? याला पुरावाही आहे. जयपूर पद्धतीत पायाचा पंजा रबरी असला, तरी उरलेला पाय ज्यात बसतो तो सॉकेट पाण्याच्या पाइपाला वापरतात त्या प्रकारच्या प्लास्टिकचा असतो. २००४ साली होंडुरास, युगांडा आणि भारत या देशांतल्या वापरणाऱ्यांची पाहणी प्रसिद्ध झाली. तिच्यात सॉकेटची बसवणी आणि पायाची जुळवणी यांत मोठ्या त्रुटी आढळल्या, आणि गुडघ्याच्या वरून पाय गेलेल्यांच्या बाबतीत निष्कर्ष विशेष प्रतिकूल होते. हा आक्षेप मान्यच केला पाहिजे. सॉकेट ही कृत्रिम पायातली सगळ्यात अवघड गोष्ट आहे. ज्या कातडीने आयुष्यात कधी वजन पेलले नाही, तिच्यावर आता सगळे शरीर तोलायचे असते. गुडघ्याच्या वाटीखालचा स्नायुबंध दाब सहन करतो, नडगीचे टोक करत नाही. माप काही मिलिमीटरने चुकले तरी फोड येतो, फोडाची जखम होते, आणि मधुमेह असेल तर तीच जखम उरलेला पायही घेऊन जाऊ शकते. तेव्हा सॉकेट वेल्डिंगच्या दुकानात होणार नाही. त्याला प्रशिक्षित, नोंदणीकृत तंत्रज्ञच हवा, आणि खेड्यातल्या माणसाला त्यात सूट देणे म्हणजे त्याला दुय्यम समजणे होय.

पण या पुराव्यातून दर्जा आणि स्थानिकता यांचे वैर आहे असे निघत नाही. निघते ते हे, की साधनाचे दोन भाग वेगळे ओळखावे लागतात. शरीराला जो भाग भिडतो, तिथे तज्ज्ञाचा हात अटळ आहे. जमिनीला, पाण्याला, धुळीला जो भाग भिडतो, तो मात्र गावातल्या गावात बदलता आला पाहिजे. पट्टा, बकल, नट-बोल्ट, कुबडीचा बूट, चाक, टायर, ट्यूब, बेअरिंग, ब्रेकची तार, बसायचे कापड हे सगळे या दुसऱ्या वर्गातले, आणि साधने बंद पडतात ती पुष्कळदा याच भागांपायी. सायकलला न बसणाऱ्या मापाचे टायर असलेली एखादी देखणी व्हीलचेअर गावात आली, की तिचे आयुष्य पहिल्या पंक्चरपर्यंतच मोजायचे. रचनाकाराने चाकाचे माप ठरवताना तालुक्याच्या बाजारात कोणत्या मापाचे टायर मिळते ते पाहिले असते, तर त्याला काहीच अधिक खर्च आला नसता. दुरुस्ती हा नंतर उरणारा विषय समजला जातो आणि घोळ तिथेच होतो. कोणता भाग आधी झिजणार, तो कोणत्या पान्याने निघणार आणि त्याचा पर्याय कुठे मिळणार, ही उत्तरे आराखड्याच्या कागदावरच लिहायची असतात.

शरीराला भिडणाऱ्या भागाचीही एक गोष्ट आहे, जी वाटपाच्या व्यवस्थेला अजून पुरती उमगलेली दिसत नाही. पाय कापल्यानंतर उरलेला भाग सुजलेला असतो. पुढचे वर्ष-दीड वर्ष तो आक्रसत जातो. पहिल्या काही महिन्यांत घेतलेल्या मापाचा सॉकेट वर्षभरात सैल होतो, माणूस आत मोजे आणि फडके कोंबतो, मग कातडी घासते आणि पाय खुंटीला लागतो. वाढत्या मुलाचे तर मापच दरवर्षी बदलते. केंद्र सरकारच्या ज्या योजनेतून १९८१ पासून अशी साधने दिली जातात, तिच्या नियमांत तेच साधन तीन वर्षांच्या आत पुन्हा न देण्याची अट आहे, आणि १२ वर्षांखालच्या मुलांसाठी ही मुदत एक वर्ष आहे. मुलांच्या वाढीचा विचार तिथे झालेला आहे, हे चांगलेच. नुकताच पाय गमावलेल्या प्रौढाचा मात्र सुटला. त्याला पहिला सॉकेट तात्पुरता आणि दुसरा कायमचा, असे दोन धरूनच हिशेब केला पाहिजे, कारण त्याच्या शरीराचा क्रमच तसा आहे. शिबिरात एका दिवसात शंभर पाय बसवणे सोपे नाही, त्यामागे पुष्कळांचे कष्ट असतात. पण त्या शंभरांपैकी किती पाय वर्षानंतर चालते आहेत, हा आकडा शिबिराच्या अहवालात येत नाही तोवर रचनेचे यशापयश कळायचा मार्गच नाही.

व्हीलचेअरच्या बाबतीत हा विचार आणखी पुढे गेलेला आहे. नेहमीच्या व्हीलचेअरची पुढची चाके लहान, साधारण २० सेंटिमीटर व्यासाची असतात आणि बसणाऱ्याच्या वजनाचा बराच हिस्सा त्यांच्यावर येतो. पांदणीत ती आधी रुततात आणि खुर्ची पुढे कलंडते. याला उपाय म्हणून पुढे एकच मोठे चाक, तेही बरेच लांब ठेवायचे, म्हणजे त्याच्यावरचा भार कमी होतो आणि तीन टेकू असल्याने उंचसखल जमिनीवरही सगळी चाके टेकलेली राहतात. अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेत अमोस विंटर यांच्या चमूने जयपूर फूट बसवणाऱ्या जयपूरच्या संस्थेला सोबत घेऊन अशी तीनचाकी खुर्ची बनवली. तिच्यात चाकाच्या कड्याऐवजी दोन उभ्या दांड्या असतात. दांडी वर टोकाला धरून ढकलली की जोर वाढतो आणि चढ चढता येतो, खाली धरली की वेग मिळतो. गिअर बदलण्याची यंत्रणा वेगळी लागतच नाही, हातच जागा बदलतो. साखळी, फ्रीव्हील, टायर हे सगळे सायकलचे. पूर्व आफ्रिकेत २००९ साली तिची पहिली चाचणी झाली तेव्हा वापरणाऱ्यांनी सांगितले, की बाहेर ती उत्तम, पण जड आहे, रुंद आहे आणि घरात वळत नाही. मग पुढच्या आवृत्त्या अरुंद आणि हलक्या झाल्या, ग्वाटेमालात तपासल्या गेल्या, त्यानंतर भारतात. प्रयोगशाळेत इतके हुशार लोक असताना घराचा दरवाजा सुटला, आणि तो कोणी लक्षात आणून दिला तर त्या खुर्चीत बसणाऱ्यांनी. वापरणाऱ्याला अभियांत्रिकी कळत नाही, मग त्याला विचारून काय होणार, असे म्हणणाऱ्यांना एवढे उत्तर पुरेसे आहे. दांडीची लांबी किती असावी हे त्याने सांगायचे नसतेच. न्हाणीचा दरवाजा किती रुंद आहे, ओटा किती उंच आहे, विहीर कोणत्या बाजूला आहे, कापूस वेचताना ओझे कुठे बांधायचे, हे त्याच्याखेरीज कोणाला ठाऊक असणार?

हाताचा विषय या भागात वेगळ्या तऱ्हेने उभा राहतो. वाशीम जिल्ह्यात सोयाबीन मोठ्या प्रमाणावर पिकते, आणि दिवाळीच्या आगेमागे गावोगाव मळणी यंत्रे, लोक ज्याला हडंबा म्हणतात ती, रात्री उशिरापर्यंत चालतात. पेंढी आत ढकलताना हात ओढला जाण्याचे अपघात या यंत्राला नवे नाहीत. १९८३ साली संसदेने धोकादायक यंत्रांचा कायदा केला, तो मुख्यतः मळणी यंत्रांसाठी. भारतीय मानकाप्रमाणे पेंढी सरकवायचे तोंड किमान ९० सेंटिमीटर लांबीचे आणि त्यातला निम्मा भाग झाकलेला असायला हवा. कारण उघड आहे, माणसाचा हात तेवढा आत पोचत नाही. पत्र्याचा हा तुकडा ज्या यंत्राला नीट बसवलेला आहे, तिथे कृत्रिम हाताची गरज निर्माण होण्याची शक्यताच फार कमी होते, आणि म्हणून सहायक साधनांवरच्या प्रकरणात त्याला जागा दिली पाहिजे. एकदा हात गेला की पर्याय फार तोकडे आहेत. बोटांचे बारीक काम आणि स्पर्शाची जाण परत देणारे साधन अजून कोणाकडेच नाही. कृत्रिम हात वापरणाऱ्यांवरच्या अनेक अभ्यासांचा २००७ साली एकत्र आढावा घेतला गेला, तेव्हा खांद्याच्या हालचालीने तारेवर चालणारा हात असो की विजेवर चालणारा, प्रौढांपैकी साधारण चौथा हिस्सा लोकांनी तो वापरणे सोडून दिलेले आढळले. हे प्रमाण सधन देशांतल्या, चांगल्या सेवा असलेल्या लोकांचे आहे. खळ्यातली धूळ, घाम आणि चार्जिंगची अडचण या सगळ्यांत विजेचा हात किती टिकेल, याचा अंदाज बांधता येतो. इथे पूर्ण हाताची नक्कल करण्यापेक्षा एकेका कामाचे साधन अधिक उपयोगी पडते. मनगटाला एक पक्की कडी असावी आणि तिच्यात विळ्याची मूठ, डवऱ्याची मूठ, मोटारसायकलच्या हँडलची पकड असे हवे ते अडकवता यावे. लग्नाला, बाजाराला जाताना पाच बोटांचा, दिसायला हातासारखा हात लावावा. दोन्हींची गरज खरी आहे आणि एकाने दुसऱ्याचे काम भागत नाही.

दिसण्याच्या गरजेला कमी लेखण्याची चूक यापूर्वी आपल्याकडे घडून गेली आहे, आणि तिची किंमत विदर्भाला चांगली माहीत असायला हवी. वर्ध्याजवळ दत्तपूरला मनोहर दिवाण यांनी १९३६ साली, अमरावतीला डॉ. शिवाजीराव पटवर्धन यांनी तपोवनात १९४६ साली आणि वरोऱ्याला बाबा आमटे यांनी आनंदवनात १९४९ साली कुष्ठरुग्णांसाठी काम उभे केले. कुष्ठरोगात तळपायाची संवेदना जाते. काटा रुतला, खडा टोचला, एकाच जागी दाब पडत राहिला, तरी कळत नाही, जखम हाडापर्यंत जाते आणि पाय झडतो. दक्षिणेत वेल्लोरला डॉ. पॉल ब्रँड यांनी दाखवून दिले, की पाय झडण्याचे थेट कारण रोग नसून या न कळलेल्या जखमा आहेत. तिथून खाली कठीण तळ आणि आत मऊ सच्छिद्र रबर असलेली, खिळा नसलेली चप्पल पुढे आली. वैद्यकदृष्ट्या ती अगदी बरोबर होती. पण ती एकाच तऱ्हेची, काळी, ओळखू येणारी होती. ती पायात घातली की बाजारात माणूस कोण आहे ते सगळ्यांना कळे. पुष्कळांनी ती घरात ठेवली आणि साध्या चपलेने पायाला जखमा करून घेतल्या. नंतर बाजारातल्या नेहमीच्या सँडलसारख्या दिसणाऱ्या चपलेत तेच मऊ रबर घालायला सुरुवात झाली. लाज ही भावना खरी असते आणि ती साधन बंद पाडू शकते, म्हणून रचनाकाराने वजनाइतक्याच गांभीर्याने तिचाही हिशेब केला पाहिजे. बायकांच्या बाबतीत तर पट्टा साडीच्या आत कसा बसेल, मांडीपर्यंतचे माप कोण आणि कुठे घेणार, यावरच साधन घ्यायचे की नाही हे ठरते.

आणखी दोन आक्षेपांना उत्तर द्यायचे राहिले. पहिला खर्चाचा आहे. प्रत्येक माणसाच्या दिवसाचा आणि वावराचा विचार करून साधन बनवायचे म्हटले तर लाखो लोकांना ते पुरणार कसे? जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या २०२२च्या अहवालाप्रमाणे जगात २५० कोटी लोकांना कुठले ना कुठले सहायक साधन लागते, आणि काही गरीब देशांत गरजूंपैकी जेमतेम ३ टक्के लोकांपर्यंत ते पोचते. एवढ्या मोठ्या गरजेपुढे एकेकासाठी वेगळी रचना ही चैन वाटेल. पण प्रत्येक साधन मुळापासून वेगळे करा, असे इथे म्हटलेलेच नाही. जयपूरचा पंजाही साच्यातून ठरावीक मापांत निघतो. जयपूरच्या त्याच संस्थेसाठी स्टॅनफर्डच्या विद्यार्थ्यांनी स्वस्त प्लास्टिकचा गुडघा बनवला आणि टाइम नियतकालिकाने २००९च्या उत्तम शोधांत त्याची नोंद घेतली, तोही ठोक उत्पादनासाठीच. सुटे भाग ठोक बनावेत, जोडणी मात्र माणसागणिक व्हावी. काळ्या जमिनीच्या तालुक्यांना रुंद टायर आणि लांब चौकट, कोकणच्या पायऱ्यापायऱ्यांच्या गावांना हलकी, उचलता येणारी खुर्ची, शहराला अरुंद खुर्ची, एवढा भेद केला तरी उत्पादनाचा खर्च फारसा चढत नाही. उलट न वापरलेले साधन हे सगळ्यात महाग पडते, कारण त्याची पूर्ण किंमत मोजूनही हाती काही येत नाही.

दुसरा आक्षेप असा, की साधन कशाला बदलता, रस्ता करा. हे म्हणणारे बरोबर आहेत, फक्त अर्धे. शेत-पाणंद रस्त्यांची योजना राज्यात आहे आणि पक्की पांदण झाली तर तिचा फायदा बैलगाडीला, शाळकरी मुलीला आणि व्हीलचेअरला सारखाच होईल. पण पांदण वावराच्या धुऱ्यापर्यंतच नेणार, धुऱ्यापुढे काळी जमीनच आहे. आणि ज्याची उपजीविका त्या जमिनीत आहे, त्याला दुकान टाकून देतो, शेती सोड, असे सांगणे म्हणजे त्याचा निर्णय आपण घेणे झाले. तंत्रज्ञानाचाही असाच एक अर्धा भरवसा आहे. थ्री-डी स्कॅनिंगमुळे तालुक्याच्या ठिकाणी माप घेऊन सॉकेट दुसऱ्या शहरात छापणे शक्य झाले आहे, आणि मालेगावसारख्या गावाला त्याचा खरोखर उपयोग होईल, कारण दोन-तीन खेपा वाचतील. पण दाबाने कुठे दुखते हे स्कॅनरला दिसत नाही. बसवून, चालवून, कातडी तपासून पाहणारा माणूस तिथेही लागणारच.

हे सगळे घडवायला नवा कायदा लागत नाही. अपंग व्यक्तींच्या हक्कांचा कायदा २०१६ पासून आहे, राज्यात ३ डिसेंबर २०२२ रोजी स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभागाची घोषणा झाली, आणि ग्रामपंचायतींनी स्वतःच्या उत्पन्नाचा ५ टक्के भाग दिव्यांगांसाठी खर्च करावा असा नियम आहे. लहान गावात ही रक्कम फार मोठी नसते, आणि ती वर्षअखेरीला थोडी थोडी वाटून टाकण्याकडे कल असतो. त्याच रकमेतून गावातल्या सायकल दुरुस्तीवाल्याकडे दोन टायर-ट्यूब, कुबडीचे बूट, पट्टे, बेअरिंग असे सुटे भाग ठेवता येतील आणि त्याची मजुरी ग्रामपंचायतीकडून देता येईल. आशाताई घरोघरी जातातच. गावात दिलेले कोणते साधन वापरात आहे आणि कोणते बंद आहे, एवढी एक ओळ नोंदवली गेली, आणि त्या कामाचे त्यांना वेगळे मानधन मिळाले, तर पुढच्या शिबिरात माप घेणाऱ्याच्या हाती पहिल्यांदाच खरी माहिती येईल. हे पुस्तक वाचणाऱ्यांपैकी जे मालेगावच्या किंवा तशाच एखाद्या तालुक्यातल्या खेड्यात राहतात, त्यांना एक विनंती आहे. पुढच्या ग्रामसभेत ५ टक्के निधीचा विषय निघेल तेव्हा नव्या वाटपाची यादी मंजूर होण्याआधी उभे राहा, आणि मागच्या वेळी दिलेल्या साधनांपैकी किती चालू आहेत ते विचारा. उत्तर इतिवृत्तात लिहून घ्या.